उत्तर: न्यूयॉर्कमध्ये पास्ट्रामी सँडविच कुठं खावं?

निपाणीच्या ताई, मुलाकडं न्यूयॉर्कला निघालाय म्हणून विचारलंत. वर दोघांनी टाइम्स स्क्वेअरजवळची दुकानं सुचवलीत, मला ते पटत नाही. सरळ काट्झला जा. हाउस्टन आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावर, १८८८ पासूनचं दुकान.

एक आधीच सांगते, पास्ट्रामी म्हणजे गोमांस. चालत नसेल तर टर्कीची पास्ट्रामी शोधा, पण चव वेगळी.

दारात तिकीट देतात, ते बाहेर पडेपर्यंत जपा. काउंटरला रांगेत उभ्या राहा. मांस कापणारा आधी बशीत एक तुकडा चाखायला देतो. तो तोंडात टाकला आणि मला शहापूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं, आई मसाल्यासाठी धने-मिरी भाजायची तोच वास! वरच्या काळ्या थरात मुख्य तेच असतं, मिरी आणि धने. मांस मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवतात, मसाला चोळून धुरी देतात, शेवटी वाफवतात. इतकं मऊ झालेलं मांस हातानंच जाड कापावं लागतं, म्हणून कापणाऱ्याला मान. त्याच्या बक्षिसीच्या बरणीत डॉलर-दोन डॉलर जरूर टाका.

राय नावाच्या धान्याचा ब्रेड आणि मोहरीचा सॉस, एवढंच घ्या. मेयोनेज नको. एक सँडविच दोघांना पुरतं.

गर्दी सोसत नसेल तर पूर्व ३३व्या रस्त्यावरचं सेकंड अव्हेन्यू डेली. ते कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारं आहे, म्हणून तिथं मांसाबरोबर चीज मिळणार नाही.