गावची आरोग्यसेविका: मान पुरे, की पगार हवा?

खडकाळ

आशाताईंना, म्हणजे कामाप्रमाणे मोबदला घेऊन गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना, सरकारी नोकर म्हणून कायम करा, या मागणीला माझा विरोध आहे. आशाताईंबद्दल आकस नाही, उलट त्यांच्या कामाची किंमत आहे म्हणूनच विरोध आहे. माझं म्हणणं जामखेडकडे बघून झालेलं आहे, म्हणून आधी जामखेडचं सांगतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढचं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये. बस्तान बसतं न बसतं तोच दुष्काळ पडला. लोकांना दवाखान्याआधी पाणी आणि भाकरी हवी होती, म्हणून कामाची सुरुवातच लहान मुलांच्या जेवणापासून आणि विंधन विहिरींपासून झाली. विहिरींसाठी जागा दलित वस्तीत शोधल्या. पाणी तिथेच लागलं म्हटल्यावर उरलेल्या गावाला घागर घेऊन तिथे जावंच लागलं. अस्पृश्यतेवर भाषण न देता केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

नर्सना गावात राहायला पाठवून पाहिलं, ते जमलं नाही. परक्या गावात एकटी बाई राहायला कचरते आणि गावही तिचं मनावर घेत नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. जामखेडला शिकायला आल्या की सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, एका खोलीत झोपायचं. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या शेजारी अंथरूण टाकायचं. या बायकांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं पाजायचं ते घरोघरी दाखवलं, कुष्ठरोग आणि क्षय लवकर ओळखायला शिकल्या. आरोळ्यांच्या संस्थेच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला हजारी १७६ असलेले बालमृत्यू पुढे वीस-पंचवीसपर्यंत खाली आले.

आणि या बायकांना पगारी नोकर म्हणून नेमलं नव्हतं. पोटापाण्यासाठी छोटं कर्ज, शेळ्या, बांगड्यांचा किंवा भाजीचा धंदा अशी सोय होती. जाब द्यायचा तो गावाला. म्हणून त्या गावच्या राहिल्या.

याच्या उलट १९७७ ची केंद्र सरकारची आरोग्य रक्षक योजना बघा. गावातला एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये. पैसे आहेत म्हटल्यावर निवडीत गावच्या पुढाऱ्यांनी हात घातला. निवडले गेले ते बहुतांश पुरुष, ज्यांच्याकडे बाळंतीण कधी जाणारच नव्हती. मग कायम करा म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि योजना नावापुरती उरली. आशाताईंचं असं होऊ नये, एवढंच म्हणणं आहे. पगार आला की माणूस वरच्या साहेबाचा होतो.

गटप्रवर्तक_बालाघाट

दादा, तुम्ही जामखेडचं लिहिलंत ते आवडलं. पण शेवटच्या वाक्याने वाईट वाटलं.

मी गटप्रवर्तक आहे. माझ्या हाताखाली वीसेक आशा आहेत. कोणाचीही ओळख न देता एकीचा एक दिवस सांगते. सकाळी सहाला बाळंतिणीला घेऊन जीपने ग्रामीण रुग्णालयात. रात्रभर कळा, त्यामुळे झोप नाही. तिथे आशासाठी बसायला बाकडं नाही. नऊला पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) फोन: सर्व्हेची माहिती अकरापर्यंत भरा. दुपारी गावात परत येऊन एका नवजात बाळाची सातव्या दिवसाची भेट. बाळाला झोळीत घालून काट्याला लावायचं, वजन लिहायचं, ताप बघायचा, आणि एक मिनिट पूर्ण श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. बाळ रडत असलं तर गप्प होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. सासू विचारते, एवढं काय बघतेस त्याच्या छातीकडे.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाच्या अशा सहा भेटी, ४२ दिवसांत. सगळ्या झाल्या, फॉर्म भरला, सिस्टरची सही झाली, की अडीचशे रुपये. एक भेट कागदावर राहिली की क्लेम अडकतो. आता सांगा, हिला साहेबाची कोणी केली? पगाराने, की या तुकड्या-तुकड्याच्या मोबदल्याने? कायम पगार असता तर कमीत कमी सहीसाठी कोणाच्या मागे फिरावं लागलं नसतं.

डॉक्टर पगार घेतात. त्यांचा सेवाभाव आटेल अशी काळजी कोणी करत नाही. ही काळजी फक्त बाईच्या कामाबाबतच का होते? घरचं काम फुकट, शेतातलं फुकट, आता गावचंही मान घेऊन फुकट. २०२० साली कोरोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार ऑक्सिमीटर घेऊन याच फिरल्या. काही घरांनी दार लावून घेतलं, काहींनी शिव्या दिल्या. मानाचं काय झालं होतं तेव्हा?

भीमथडी

खडकाळ यांच्याशी सहमत. आमच्या गावात पूर्वीची सुईण आजारी बाईच्या उशाशी रात्रभर बसायची. आताची आशाताई फोटो काढून जाते. ताईंनी राग मानू नये, दोष त्यांचा नाही, पण अनुभव असा आहे.

गटप्रवर्तक_बालाघाट

फोटो वरून मागतात म्हणून काढते. ती रात्रभर बसली तर उद्याचा सर्व्हे कोण करणार?

वैनगंगेकाठी

या वादात गडचिरोली यायलाच हवी, कारण तिथे पैसे देऊन काम झालं आणि ते मोजूनही दाखवलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९८९ साली त्यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून दाखवलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहेत, आणि त्यांच्यापैकी आधी कधी तपासणी झालेल्या फार थोड्या. त्याआधी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच सरकारी समज होता. बाई गरोदर नसताना तिला अंग असतं हेच कोणाच्या यादीत नव्हतं.

पुढे नवजात बाळांचं काम. ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवलं, तिचं नाव आरोग्यदूत. तिला बाळाचा जंतुसंसर्ग ओळखता आला पाहिजे आणि इंजेक्शनही देता आलं पाहिजे, असं ठरवलं. त्या काळी डॉक्टरांनी यावर केवढा गहजब केला असेल याची कल्पना करा. तीन वर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ताईंनी वर जी सातव्या दिवसाची भेट लिहिली आहे ती याच कामातून देशभर गेली.

आरोग्यदूताला केलेल्या कामाचा मोबदला मिळत होता. म्हणून काम बिघडलं नाही. कारण प्रत्येक बाळाची नोंद दुसरं कोणीतरी येऊन पडताळत होतं, चुकलं तर तिथल्या तिथे शिकवत होतं, हातातलं औषध कधी संपू देत नव्हतं. जामखेडलाही हेच होतं: शिकवणं एकदाचं नव्हतं, वर्षानुवर्षं चालू होतं. खडकाळ, तुम्ही जामखेडच्या यशाचं श्रेय पगार नसण्याला देताय, मी ते सतत शिकवण्याला देतो. शिवाय सुरुवातीच्या काळात जामखेडच्या सेविकांनाही थोडं मानधन होतंच.

खडकाळ

थोडं होतं हे मान्य. पण त्यावर घर चालेल एवढं नव्हतं, आणि तेच महत्त्वाचं. ती बाई त्या पैशासाठी आली नव्हती. गावात पहिल्यांदा कोणीतरी तिला नावाने हाक मारली, चावडीवर बसायला सांगितलं, पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला बोलावलं, त्यासाठी आली होती. हे पगाराने विकत मिळत नाही. पाटलाच्या सुनेला दलित बाईने हात लावायचा म्हणजे काय, हे त्या काळातल्या माणसांना विचारा.

कोयता

मी बीड जिल्ह्यातला. जामखेड ओलांडलं की आमची आष्टी, पाटोदा. तुमच्या दोघांच्याही नकाशात आमच्या बायका नाहीत, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि ऊस तोडायला साखर कारखान्याला जायचं, पाच-सहा महिने उसाच्या फडातच पालं ठोकून राहायचं. कामाला दांडी मारली की खाडा, पैसे कापले जातात. पाळीतही पहाटे उठून मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. २०१९ मध्ये बातम्या आल्या की जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे, कित्येकींची तर तिशीत. सरकारने समिती नेमली, चौकशी झाली. पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला खासगी दवाखान्यात सांगायचे, पिशवी खराब आहे, काढून टाक, कॅन्सर होईल. उचल फिटायची तर खाडे परवडत नाहीत, म्हणून ती काढून घ्यायची. आणि ऑपरेशनसाठी पुन्हा उचल.

जगभरातले लोक ज्या जामखेडला शिकायला येतात तिथून हे अंतर फार नाही. हा संस्थेचा दोष नाही. पण संस्था गावात काम करते आणि आमची बाई अर्धं वर्ष गावातच नसते. तिच्या गावच्या आशेकडे तिचं नाव असतं, ती मात्र कोल्हापूर-सांगलीच्या फडात असते. तिथल्या आशेच्या रजिस्टरला तिचं नावच नाही. मान असो नाहीतर पगार, तिच्यापर्यंत दोन्ही पोचत नाही. गरिबी काढल्याशिवाय आरोग्य येत नाही हे आरोळ्यांनी विहीर खणून दाखवलं होतं. आज त्या विहिरीच्या जागी काय खणायचं, यावर कोणी बोलतंय का? माझ्या मते उचल आणि खाडा. ते मोडलं तर पिशव्या वाचतील.

भीमथडी

कोयता, वाचून सुन्न झालो. पण मुकादमाशी भांडणं हे आरोग्यसेविकेचं काम आहे का?

कोयता

जामखेडच्या महिला मंडळांनी सावकाराला सोडून आपले पैसे आपसात फिरवायला सुरुवात केली तेव्हा ते आरोग्याचं काम होतं का? होतंच की.

वैनगंगेकाठी

आकड्यांबद्दल एक. वर ‘संस्थेच्या नोंदींप्रमाणे’ असं आहे, त्यामुळे कोणी शंका घेईल म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली जामखेडच्या गावांची शेजारच्या गावांशी तुलना आली होती. एक महिन्यापुढच्या, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू जामखेडच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. संस्थेचा आकडा आणि हा आकडा यांत फरक आहे, कारण या काळात शेजारची गावंही सुधारली. रस्ते झाले, लसी आल्या, मुली शिकल्या. तरीही ३० टक्के म्हणजे कितीतरी घरांतली पोरं.

माजी_सरपंच

आशा निवडीच्या ग्रामसभा मी घेतल्या आहेत. खडकाळ म्हणतात तसं गावाने निवडायला हवं हे खरं, पण गाव म्हणजे कोण? ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याची भावजय निवडली जाते. त्यातच शिक्षणाची अट. जामखेडच्या त्या पहिल्या बायका आज अर्ज घेऊन आल्या तर तो पहिल्याच दिवशी बाजूला पडेल, कारण शाळेचा दाखला नाही. निरक्षर बाई एवढं काम करू शकते हे ज्या जिल्ह्याने जगाला दाखवलं, तिथेच ही अट लागू आहे. पगार द्या, पण निवड करताना विधवा, टाकलेली, भूमिहीन यांना पहिला हक्क द्या. नाहीतर चांगला पगार म्हणजे पुन्हा वाड्यावरच्या सुनेची नोकरी, एवढं मात्र खडकाळ यांचं मला पटतं.

खडकाळ

सरपंच, माझी भीती नेमकी हीच आहे. वैनगंगेकाठी यांची सतत शिकवण्याची गोष्टही मोठी आहे, तिला विरोध नाही. पण सरकारी नोकरीला माझा विरोध कायम आहे. एकदा कायम झाली की तिची बदली, तिची रजा, तिची चौकशी सगळं तालुक्याला. गावाने कितीही ओरड केली तरी काही उपयोग नाही. पैसे द्यायचेच असतील तर ते ग्रामपंचायतीच्या हातून जाऊ द्या, आणि वर्षातून एकदा गावातल्या बायकांची सभा घेऊन त्यांनाच विचारा: ही ठेवायची की बदलायची. फक्त बायकांची सभा, पुरुष नकोत.

गटप्रवर्तक_बालाघाट

ग्रामपंचायतीच्या हातून? दादा, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याचे पैसे तिथे किती महिने थकतात ते सरपंचांना विचारा. आशेचं मानधन पंचायतीकडे गेलं की दारूबंदीच्या ठरावावर ती गप्प बसणार, कारण तिचा चेक ज्याच्या सहीने निघतो त्याच्याच भावाचा गुत्ता असतो.

बायकांच्या सभेचं मात्र मी आनंदाने मान्य करते. घ्या सभा, आम्ही घाबरत नाही. माझ्या वीसजणींपैकी दोन-तीन जणी तिथे टिकणार नाहीत हे मलाही माहीत आहे. बाकीच्या टिकतील.

पैशाबद्दल: २०२३ च्या शेवटी आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला आम्ही संपावर होतो. आझाद मैदानात बायका लेकरं घेऊन बसल्या. मार्चमध्ये राज्याने आशांसाठी ५ हजारांची वाढ केली. त्यानंतर माझ्या एका आशेने मुलीला अकरावीला सायन्स घ्यायला दिलं, आधी ती शिवणक्लासला जाणार होती. पैसे मिळाले म्हणून ती बाळांचे श्वास मोजायची थांबली नाही. उलट आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागत नाही, म्हणून सातव्या दिवसाची भेट सातव्याच दिवशी होते, नवव्या नाही. खडकाळदादा, एवढ्या एका गोष्टीचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.