आईच्या घरचं लाईट बिल परस्पर खात्यातून भरायचंय, कोणता मार्ग धरू?

जेलरोडची_लेक

नमस्कार. आमचं घर नाशिकरोडला, जेलरोडवर. बाबा प्रेसमधून निवृत्त झाले होते, या फेब्रुवारीत ते गेले. आई 71 वर्षांची आहे आणि आता एकटी राहते. मी ठाण्याला असते, महिन्यातून एखादी चक्कर होते.

लाईट बिल बाबांच्या बचत खात्यातून कित्येक वर्षं परस्पर कापलं जायचं. ते गेल्यावर मृत्यूचा दाखला देऊन आम्ही खातं बंद केलं, पैसे आईच्या खात्यात आले. खात्याबरोबर बिलाचा मँडेटही (परस्पर पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी) संपला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बिलाचे मेसेज बाबांच्या नंबरवर जात होते आणि तो फोन कपाटात बंद पडलेला. कागदी बिल बाबांनीच बंद करून ईमेलवर मागवलं होतं. अशी दोन बिलं थकली. वायरमनदादा दारात आले तेव्हा आईला कळलं. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, शेजारच्या काकांनी लगेच फोनवरून पैसे भरले, वीज गेली नाही. पण आई इतकी घाबरली की त्या दिवसापासून रोज फोनवर विचारते, "लाईट बिल भरलंस ना गं?"

आता पुन्हा परस्पर भरण्याची सोय करायची आहे. बिल हिवाळ्यात 900 च्या आसपास, एप्रिल-मेमध्ये 2,200 पर्यंत जातं. आईला व्हॉट्सअ‍ॅप येतं, यूपीआय ती वापरत नाही आणि या वयात तिच्यावर ते लादायचं नाही. तिच्या खात्यात कुटुंब पेन्शन येते. तिच्या खात्यातून नॅच मँडेट द्यावा, माझ्या फोनवरून यूपीआय ऑटोपे लावावा, की माझ्या नेटबँकिंगमध्ये बिल जोडावं? ज्यांनी घरातल्या मोठ्या माणसांसाठी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

द्वारका_सर्कल

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मँडेटचं नंतर बघा, आधी मोबाईल नंबर बदला. तुमची अडचण खरी तिथेच झाली. महावितरणच्या अ‍ॅपवर होतं, किंवा इंग्रजीत एमआरईजी अशी चार अक्षरं, मग जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक, एवढं 9930399303 वर पाठवायचं. ज्या फोनवर मेसेज हवेत त्याच फोनवरून पाठवा. आणि कनेक्शन आईंच्या नावावर करून घ्या, मृत्यूचा दाखला हाताशी आहे तोवर.

निवृत्त_शाखाधिकारी

बँकेत असताना असे अर्ज मी रोज हाताळले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही मार्गांनी पैसे वेळेवर जातील. त्यामुळे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार, आणि आधी कोणाला कळणार, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

नॅच मँडेट म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेली लेखी परवानगी: अमुक ग्राहक क्रमांकाचं बिल, अमुक रकमेपर्यंत, माझ्या खात्यातून द्या. वडिलांच्या वेळची सोय बहुधा ईसीएस ही नॅचच्या आधीची पद्धत किंवा हीच असणार. एकदा लागली की फोन बदला, सिम बदला, ती चालू राहते, कारण ती खात्याला बांधलेली असते. आणि म्हणूनच खातं संपलं की तीही संपते. घरात कुणी गेलं की त्यांच्या पासबुकातल्या मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी बसून वाचाव्यात: वीज, विमा, गॅस, टेलिफोन, काय काय आपोआप जात होतं ते तिथेच कळतं. ताई, तुम्ही अजून वाचल्या नसतील तर आईंसोबत बसून वाचा.

नॅचमध्ये खात्यात शिल्लक हवीच. मँडेट परत गेला तर बँक शुल्क कापते, आणि 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 प्रमाणे हा प्रकार चेक न वटण्याच्या पंक्तीत बसतो. साध्या लाईट बिलासाठी कुणी कोर्टात जात नाही, पण सहज घेऊ नये.

यूपीआय ऑटोपे 2020 पासून आहे. त्यात पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना येते, कमाल रक्कम आपण ठरवतो, आणि अ‍ॅपमधूनच तो थांबवता किंवा रद्द करता येतो. 15,000 पर्यंत दरवेळी पिन लागत नाही, तुमचं बिल त्याच्या पुष्कळ खाली आहे. अडचण एवढीच की सूचना ज्याचा फोन त्यालाच येते. तुमच्या फोनवर लावलात तर आईंना काहीच कळणार नाही, त्या रोज विचारतच राहतील.

नेटबँकिंगमधून बिल जोडलं तर ते भारत बिल पेमेंटच्या यंत्रणेतून येतं, आता तिला भारत कनेक्ट म्हणतात. आपोआप भरण्याची मर्यादा तिथेही घालता येते. हाही चांगला मार्ग आहे.

माझं मत: आईंच्या खात्यातून नॅच. पेन्शन त्यांची, घर त्यांचं, बिल त्यांच्या पासबुकात दिसू दे. स्वतःचा खर्च आपण स्वतः भागवतो याचं या वयात माणसाला मोठं बळ असतं.

मेरी_लिंकरोड

काकांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

शिलकीचा अनुभव सांगते. सासूबाईंच्या खात्यातून मँडेट होता. त्यांनी मुदत ठेव केली, खात्यात 400 रुपये उरले, त्याच आठवड्यात बिल आलं आणि मँडेट परत गेला. शुल्क बिलाच्या जवळपास निम्मं! तेव्हापासून त्या खात्यात 5,000 कायम ठेवायचे असा घरचा नियम आहे. खातं नवीन काढू नका, पेन्शनचंच वापरा, फक्त तळाला हात लावायचा नाही.

सातपूर_कॉलनी

माझं मत थोडं वेगळं आहे. ऑटोपेने बहुधा शेवटच्या तारखेच्या सुमारास पैसे जातात. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, ती हातची जाते. मी बिल आल्याच्या दिवशीच स्वतः भरतो.

निवृत्त_शाखाधिकारी

सातपूर, सूट खरी आहे, पण हिशेब करून बघा. ती कर आणि शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर असते. घरगुती बिलावर वीज शुल्कच 16 टक्के आहे. 1,800 च्या बिलात मूळ रक्कम साधारण 1,550, म्हणजे सूट 15 रुपयांच्या आसपास. ऑनलाईन भरण्याची पाव टक्का सूट धरली तर आणखी चार रुपये. उलट तारीख चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार. तुमच्यासारख्या दक्ष माणसाने सूट जरूर घ्यावी. या ताईंना सूट नको आहे, आईंची झोप हवी आहे.

सातपूर_कॉलनी

मान्य काका. मग आगाऊ भरण्याचा पर्यायही नोंदवून ठेवतो. आम्ही चार महिने मुलाकडे बंगळुरूला होतो, जाण्यापूर्वी ग्राहक क्रमांकावर 4,000 भरले. दर महिन्याचं बिल त्यातून वळतं होत गेलं, उरलेली रक्कम बिलावर जमा दिसायची. मँडेट सुरू होईपर्यंत मध्ये एक-दोन महिने जातील, तेवढ्यासाठी हे उपयोगी पडेल.

दुसरं, सुरक्षा ठेवीचं बिल. वापर वाढला की उन्हाळ्याच्या सुमारास वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं. नेहमीच्या बिलाबरोबर ते आपोआप भरलं जाईल असं धरून चालू नका.

गंगापूररोड_सध्या_लेस्टर

मी मुलाकडे इंग्लंडला आले आहे, इथे घरोघरी वीज आणि गॅसचं बिल डायरेक्ट डेबिटने जातं, म्हणून दोन शब्द लिहिते. इथे दोन प्रकार आहेत. एकात जेवढं वापरलं तेवढं कापतात. दुसऱ्यात वर्षाचा अंदाज धरून दरमहा सारखीच रक्कम कापतात: उन्हाळ्यात पैसे जमा होत राहतात आणि थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च त्यातून भागतो. बिल हातात आल्यावर भरणाऱ्यांपेक्षा डायरेक्ट डेबिटवाल्यांना दर थोडा कमी पडतो. चुकीची रक्कम कापली गेली तर बँकेने ती लगेच परत द्यायची, अशी डायरेक्ट डेबिटची हमीही आहे.

माझ्या मुलाने सारख्या रकमेचा प्रकार घेतलाय. तरी दर महिन्याला तो मीटरचा फोटो काढून रीडिंग पाठवतो, कारण अंदाज जास्त धरला गेला तर आपले पैसे उगाच तिकडे पडून राहतात. मला ही सवय फार आवडली. आपल्याकडेही महावितरणच्या अ‍ॅपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं. भरणं यंत्रावर सोडलं तरी मीटर माणसानेच बघावा. ताई, तुमच्या आई चालत्या-फिरत्या असतील तर हे काम त्यांना द्या.

पंचवटी_कारंजा

कमाल रक्कम ठरवताना 2,200 वर अडकू नका. 2015 च्या सिंहस्थात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती, दोन महिने बिल दुपटीच्या वर गेलं. युनिट 100 च्या आणि 300 च्या पुढे सरकले की पुढच्या युनिटांचा दरही चढतो, त्यामुळे वापर दुप्पट झाला की बिल दुपटीहून जास्त फुगतं. 2027 ला पुन्हा सिंहस्थ आहे, नाशिकरोडला स्टेशनजवळ घर म्हणजे पाहुणे येणारच. 5,000 ची मर्यादा ठेवा. त्याहून मोठं बिल आलं तर ते आपोआप जाऊच नये, आधी कुणीतरी बघितलं पाहिजे.

आणि चूक वाटणारं बिल आलं तर वीज तोडतील या भीतीने सगळं भरून टाकायची गरज नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे आईंना आवर्जून सांगा. "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असे खोटे मेसेज फिरतात. एकदा घाबरलेलं माणूस अशा मेसेजला पटकन फसतं. असा मेसेज आला तर फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही, महावितरणच्या 1912 या हेल्पलाईनवर विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन.

जेलरोडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी नाशिकला जाऊन आले.

मोबाईल नंबर आईचा लावला. ई-बिल बाबांच्या ईमेलवरून माझ्या ईमेलवर घेतलं. नाव बदलाचा अर्ज केला. पेन्शनच्या खात्यातून नॅचचा फॉर्म भरला, मर्यादा 5,000. मँडेट सुरू झाल्याचा मेसेज येईपर्यंत मी हाताने भरणार आहे, आणि सातपूरदादांनी सांगितल्याप्रमाणे 3,000 आगाऊ भरून ठेवले. मेरी लिंकरोडताई, 5,000 च्या शिलकीचं आईला पटलं.

काका, पासबुक आम्ही दोघींनी बसून वाचलं. बाबांच्या एका विम्याचा हप्ताही त्याच खात्यातून जात होता, त्याचा दावा करायचा राहून गेला होता. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं कोण जाणे.

कपाटात बाबांची हिशेबाची वही सापडली. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांनी मीटरचं रीडिंग लिहून ठेवलं होतं, जानेवारीपर्यंत. आईने चष्मा लावून जिन्याखालचा मीटर बघितला, मला आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि जानेवारीच्या खालच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिला.