रात्री लोड जवळपास नाही, तरी सकाळी बॅटरी उतरलेली. इन्व्हर्टरच खातोय का?

घाटमाथा:
शेतावरच्या घराला महावितरणची लाइन नाही. 1 किलोवॉटची पॅनेल, 12 व्होल्ट 150 एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, 3 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मरवाला इन्व्हर्टर-चार्जर, सोलर चार्जर वेगळा. रात्री फक्त वायफाय राउटर आणि ओटीवरचा 5 वॉटचा दिवा, मिळून 15 वॉट. 14 तासांचे 210 वॉट-तास व्हायला हवेत, पण मॉनिटर सकाळी 900 गेलेले दाखवतो. सर्च मोड (लोड नसताना इन्व्हर्टरला झोपवणारी सेटिंग) लावला की दिवा नुसता लुकलुकतो आणि राउटर सुरूच होत नाही. बॅटरी गेली की इन्व्हर्टर खातोय, हे कसं ओळखायचं?

रोहित्र:
900 मधून 210 वजा केले की 690 उरतात. 14 तासांनी भागा, 49 वॉट येतात. या मापाच्या यंत्राचं रिकामं चालणं एवढं असू शकतं. लोड असो वा नसो, ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित ठेवायला, मॉस्फेट (विजेची उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवायला आणि कंट्रोल कार्डाला वीज लागतेच. तुमच्या बॅटऱ्यांत कागदावर 3.6 युनिट आहेत. लेड-ॲसिडमधून निम्मेच काढायचे, म्हणजे हाताशी 1.8. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग काही न चालवता जातोय. उन्हाळ्यात पॅनेल तो भरून काढतात. आषाढात ढग बसले की तूट साठत जाते, बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं.

खात्री अशी करा. अंधार पडल्यावर पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेल तोडणारा स्विच) बंद करा, मग इन्व्हर्टरच्या आउटपुटचा एमसीबी पाडा. घरातली बटणं बंद करून भागत नाही, कुठलातरी चार्जर सॉकेटला राहतोच. इन्व्हर्टर चालूच ठेवा आणि दहा मिनिटांनी मॉनिटरवरचे अँपिअर वाचा. 2 च्या आसपास आले तर चोर सापडला. मग इन्व्हर्टर त्याच्याच स्विचनं बंद करा, आकडा शून्याजवळ यायला हवा. आला नाही, तर आधी मॉनिटरचं झीरो तपासा: मॉनिटर बॅटरीच्या मायनसमधल्या शंटवरून, म्हणजे अगदी कमी रोधाच्या पट्टीवरून, करंट मोजतो; 500 अँपिअर/50 मिलिव्होल्टच्या शंटवर 2 अँपिअरला जेमतेम 0.2 मिलिव्होल्ट मिळतात, त्यामुळे झीरो किंचित सरकलं तरी हिशेब फसतो.

मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत सिरीजमध्ये लावू नका. इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट ओढतात, मीटरचा फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर वापरलात तर डीसी मोजणाराच घ्या, साधा फक्त एसी दाखवतो.

तांबंपितळ:
सर्च मोडचं दुखणं वेगळं आहे. त्यात यंत्र झोपतं आणि ठरावीक सेकंदांनी एक झटका सोडून लोड आहे का ते चाचपतं. जागं व्हायला ठरावीक वॉटांचा लोड लागतो, 15 वॉट त्याला पुरत नाहीत. मर्यादा खाली आणता येत असेल तर आणा, पण एकदा राउटरसाठी यंत्र जागं झालं की रात्रभर जागंच राहणार. मग सर्च मोडचा उपयोग काय?

म्हणून रात्रीचा लोड इन्व्हर्टरवरून काढाच. 24 ते 12 व्होल्टचा 5 अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या. त्याचं इनपुट 36 व्होल्टपर्यंत चालणारं हवं, कारण चार्जिंगच्या वेळी बॅटऱ्या 29 च्या आसपास जातात. बॅटरीच्या प्लसला, अगदी टर्मिनलजवळ, 5 अँपिअरचा फ्यूज. मायनस शंटच्या लोडकडच्या बाजूला, नाहीतर मॉनिटर हा खर्च मोजणारच नाही. राउटरच्या ॲडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय का बघा, काही 9 व्होल्टचे असतात. पिनचं प्लस-मायनसही तपासा. ओटीवर 12 व्होल्टचा डीसी बल्ब लावा. कन्व्हर्टरची गळती धरून 17-18 वॉट, म्हणजे रात्रीचे 250 च्या आसपास.

घाटमाथा:
कन्व्हर्टर न घेता दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतले तर?

तांबंपितळ:
अजिबात नको. ती बॅटरी रोज जास्त उतरेल, पण चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो. एक कायम उपाशी राहील आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवेल. काही महिन्यांत दोन्ही हातच्या जातात.

रोहित्र:
आणखी एक. रोज रात्री इन्व्हर्टर बंद करताना त्याचाच स्विच वापरा, बॅटरीकडचा ब्रेकर नको. ब्रेकर परत लावताना दर वेळी रिकामे कपॅसिटर एकदम भरतात आणि ब्रेकरचे काँटॅक्ट जळत जातात. फ्रिज घेणार असाल तर मात्र आधी विचारा, रात्री इन्व्हर्टर बंद ठेवायची सोयच तेव्हा राहत नाही.