मदत हवी आहे: उडताना ट्रान्सपॉन्डर कसा हाताळता?

नमस्कार मंडळी. मी कुडाळची, सध्या पायलटचं प्रशिक्षण घेतेय. गटात कोणी अनुभवी वैमानिक असतील तर ट्रान्सपॉन्डरबद्दल, म्हणजे रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या विमानातल्या यंत्राबद्दल, दोन शंका आहेत.

आमच्या विमानात चार आकडी कोडचा (यावरून कंट्रोलर विमान ओळखतो) एकेक आकडा फिरवायचा जुना ट्रान्सपॉन्डर आहे. फिरवताना मधेच ७५००, ७६०० किंवा ७७०० लागला, तर कंट्रोलरला थेट अपहरण, रेडिओ बंद नाहीतर आणीबाणीचा इशारा! एक सर म्हणतात, आधी स्टँडबायवर (यंत्र चालू, पण उत्तर बंद) टाक. दुसरे म्हणतात, अजिबात नको, तेवढा वेळ रडारला तुझं उत्तरच जात नाही. त्यापेक्षा आकडे कुठल्या क्रमाने फिरवायचे ते आधी ठरव. मला दुसरं पटतं. तुम्ही काय करता?

दुसरी शंका आपल्या किनाऱ्याची. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात कमी उंचीवर उडताना रडारच्या टप्प्यात नसलो, तरी उंची पाठवणारा मोड चालूच ठेवायचा ना? माझा तर्क असा, की चिपी किंवा मोप्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांचं टीकॅस (टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी यंत्रणा) आपल्या उत्तरावरूनच आपली उंची ओळखतं. आयडेंट (कंट्रोलरच्या पडद्यावर आपलं विमान उठून दिसावं म्हणून असलेलं बटण) मात्र कंट्रोलरने सांगितल्याशिवाय दाबायचं नाही, एवढं ठाऊक आहे (काही हौशी उगाच दाबतात).

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेतानाही, हा मोड चालू ठेवता का, तेही सांगा.