मदत हवी आहे: इंडोनेशियाच्या स्टडी टूरवर मुलांना तिथल्या माणसांशी बोलतं कसं करू?

नमस्कार मंडळी, मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि यंदा दुसऱ्यांदा मुलांना घेऊन इंडोनेशियाला चाललेय, १६ मुलं, ९ दिवस, जकार्ता, योग्यकार्ता आणि मग बाली. तिकीट, हॉटेल सगळं झालंय, अडचण वेगळीच आहे.

मागच्या वेळी प्रंबाननला, म्हणजे योग्यकार्ताजवळच्या जुन्या हिंदू मंदिरांच्या समूहात, शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या गाभाऱ्यात उभे होतो. आत अंधार, गाइड हिजाब घातलेली मुलगी, आमच्या मुलींच्याच वयाची. मूर्तीवर टॉर्च धरून ती रोरो जोंग्रांगची गोष्ट सांगत होती, राजकन्येला लग्न टाळायचं होतं म्हणून तिने एका रात्रीत हजार मंदिरं बांधायची अट घातली, ९९९ झाली तेव्हा गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावला, पहाट झाली समजून कोंबडे आरवले आणि चिडलेल्या राजपुत्राने शाप देऊन तिलाच दगड केलं, तीच ही मूर्ती. गोष्ट पुरी व्हायच्या आत आमचा एक मुलगा म्हणाला, नो नो, ही आमची महिषासुरमर्दिनी. बाकीचे हसले. मूर्ती दुर्गेचीच आहे, त्याचं चुकलं नव्हतं, पण त्या मुलीने टॉर्च खाली केला आणि पुढे नुसती उंची, ४७ मीटर, आणि शतक सांगत राहिली. मला ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. संध्याकाळी तिथेच रामायणाचं नृत्यनाट्य होतं, कलाकार बहुतेक मुस्लिम, आणि मुलांनी एकालाही काही विचारलं नाही, फक्त फोटो काढले.

राजकारणाचंही तसंच. पंचशिला, म्हणजे इंडोनेशियाची पाच राष्ट्रीय तत्त्वं, मुलांना पाठ आहे, १९४५ च्या ऑगस्टमध्ये मुस्लिमांना शरियत पाळायला लावणारे घटनेच्या मसुद्यातले ते सात शब्द शेवटच्या क्षणी का गाळले हेही वर्गात झालंय, पण ओळखपत्रावर धर्माचा रकाना असलेल्या देशात राहणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाकडून ऐकायला हवं ना. अहोक प्रकरण (जकार्ताचे ख्रिश्चन गव्हर्नर, २०१७ मध्ये निवडणूक हरले आणि लगेच धर्मनिंदेबद्दल दोन वर्षांची शिक्षा) मुलांनी काढावं का? पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे त्यांच्या निवासी मदरशात, १६ जण नेता येतील का? आणि एक मुलगी कुठलाच धर्म मानत नाही, तिकडे तर पहिल्या भेटीतच धर्म विचारतात, तिला काय सांगू?

प्रतिसाद १
मॅडम, मी योग्यकार्ताला दीड वर्ष होतो. अहोकचं नाव मुलांनी आधी काढू नये, ग्रुपमध्ये तर अजिबात नको, लोक हसून विषय बदलतात. ओळखपत्रापासून सुरू करा. सहा धर्म मान्य आहेत, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात घटना न्यायालयाने निकाल दिला की स्थानिक श्रद्धा पाळणाऱ्यांनाही रकान्यात तसं लिहिता यावं. तोवर त्यांचा रकाना कोराच असायचा नाहीतर सहातलं एक नाव लिहावं लागायचं. 'तुमच्या ओळखीत कोणाला असा त्रास झाला का' एवढं विचारलं की माणसं तासतासभर बोलतात, मग अहोकही तेच काढतात.

त्या मुलीला खोटं बोलायला लावू नका पण वादही नको, घरचे काय मानतात ते सांगितलं तरी चालतं, पुढे कोणी खोदत नाही. पेसान्त्रेनला आधी पत्र पाठवून कियाईंची, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंची, परवानगी घ्या, पूर्ण बाह्या, मुलं मुली वेगळे बसतील. बालीत देवळात सारोंग आणि कमरेला शेला लागतोच, आणि पाळी असेल तर आत येऊ नये अशा पाट्या असतात, मुलींना इथेच सांगून ठेवा, दारात कळलं की फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २
जकार्तात इस्तिकलाल मशीद आणि समोरचं कॅथेड्रल एकाच दिवशी करा. मशिदीचे वास्तुविशारद सिलाबान ख्रिश्चन होते, आणि आता दोघांना जोडणारा भुयारी रस्ताही आहे, २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस तिथे आले होते. फक्त शुक्रवारी दुपारी नको.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आमची इस्तिकलालची भेट नेमकी शुक्रवारीच होती, आजच बदलते. पाळीचं मागच्या वेळी दारातच कळलं होतं, एक मुलगी तासभर बाहेर बसली होती. आणि प्रंबाननला यावेळी मुलांना सांगणारे, गाइडची गोष्ट संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि नंतर पहिला प्रश्न 'तुम्हाला ही कोणी सांगितली' हाच. पेसान्त्रेनचं पत्र बहासात, म्हणजे इंडोनेशियन भाषेत, लिहितेय, कोणी तपासून देईल का?