फोटो गेला कुठे आणि पुसलेला परत आला कसा? आपापले अनुभव सांगा

फोनमधले फोटो गायब झाले की घरात आधी आरडाओरडा होतो, मग फोन शेवटी ज्याच्या हातात होता त्याच्यावर आळ येतो. तो फोटो मुळात होता कुठे, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. माझ्या मते निम्मी भानगड तिथेच आहे. स्क्रीनवर फोटो दिसला म्हणजे तो फोनमध्ये आहेच असं नाही. तो फोनच्या मेमरीत असेल, कार्डावर असेल, किंवा क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात) असेल आणि फोनवर नुसती त्याची छोटी प्रतिमा असेल. पुसायचं बटण मात्र सगळीकडे तेच, कचऱ्याच्या डब्याचं.

म्हणून हा धागा. काय दिसलं, फोटो खरंच कुठे सापडला (किंवा नाही सापडला) आणि कशामुळे उलगडा झाला, एवढं लिहा. "फोन रीसेट मारा" हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. त्यात उरलेसुरलेही जातात.

सुरुवात मीच करते. सासूबाईंच्या फोनवर 'जागा संपत आली' ही सूचना रोज येत होती. फोटोंच्या ॲपने स्वतःच 'जागा मोकळी करा' असं सुचवलं, त्यांनी होकार दिला आणि दुसऱ्या मिनिटाला हाक आली, "अगं, गॅलरी कोरी झाली!" गेलं काहीच नव्हतं. जे फोटो क्लाउडवर पोचलेत त्यांच्याच फोनमधल्या प्रती तो पर्याय काढतो. फोनसोबत आलेली गॅलरी फक्त फोनमधलं दाखवते, म्हणून ती रिकामी दिसली. क्लाउडच्या ॲपमध्ये सगळे जागच्या जागी होते. खरा घोळ पुढेच व्हायचा होता. ते फोटो दिसल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हे डबल होते तर. आता इथलेही काढते." मी अक्षरशः हात धरला. आई, आता ही एकच प्रत उरली आहे.

चार्जर कुठाय

आमच्याकडे उलटं झालं. माझे फोटो आपोआप कमी होत होते. आधी मुलीच्या वाढदिवसाचे, मग ऑफिसच्या सहलीचे, तेही सलग नाहीत, मधूनमधून. फोनला व्हायरस लागला म्हणून एक अँटीव्हायरस टाकून झाला, त्याने जाहिरातींखेरीज काही दिलं नाही.

उलगडा भाचीने केला, तोही नकळत. जुना टॅब मी ताईकडे दिला होता आणि त्यावर माझं खातं तसंच चालू होतं. भाची त्यावर चित्रं काढते, जागा कमी पडली की "मामाचे बोअरिंग फोटो" काढून टाकते. ती टॅबवर पुसायची आणि माझ्या फोनमधून जायचे. सिंक चालू असलं की फोटो जसा सगळीकडे पोचतो तसं पुसणंही सगळीकडे पोचतं. हे कळल्यावर तिच्यावर रागावणार तरी काय! बिनमधून (पुसलेले फोटो काही दिवस जिथे पडून राहतात तिथून) बरेचसे परत मिळाले, आधीचे गेले. टॅबवरून खातं काढलं. भाची आता मला विचारते, "मामा, हा पुसू?" आणि स्क्रीनशॉट पाठवते, म्हणजे माझ्याकडे अजून एक फोटो वाढतो.

कंदील बारीक

@चार्जर, बिनची मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो ६० दिवस बिनमध्ये राहतो. बॅकअप झालेलाच नसेल तर ३० दिवस, तेही अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर. आयफोनवर 'नुकतेच हटवलेले' या अल्बममध्ये ३० दिवस. मुदतीआधी बिन रिकामी केली की खेळ खलास. जागा लवकर मोकळी व्हावी म्हणून लोक पहिलं काम तेच करतात.

शटरवेडा

माझा अनुभव पुसूनही न जाणाऱ्या फोटोंचा, आणि हा मला अजूनही विलक्षण वाटतो.

मेमरी कार्डावरचे जुने फोटो निवडले, पुसले, गॅलरीतून गेले. फोन बंद करून चालू केला, सगळे हजर. पुन्हा पुसले, पुन्हा हजर. फाइल मॅनेजरमधून पुसले, तेच. क्लाउडमधून परत येत असतील म्हणून सिंक बंद केलं, खात्यातून बाहेर पडलो, तरी तेच. मग कार्ड काढून रीडरने लॅपटॉपला लावलं आणि फॉरमॅट मारला. "फॉरमॅट यशस्वी." कार्ड काढून परत लावलं तर माझे फोटो तिथेच, आरामात.

ओळखीतला एक जण मोबाइल दुरुस्ती करतो, त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, "कार्ड मेलं." फ्लॅश मेमरीवर लिहायला आणि पुसायला मर्यादा असते. ती संपत आली किंवा आत बिघाड झाला की कार्डातला कंट्रोलर लिहिणं बंद करून फक्त वाचू देतो. फोन पुसल्याची नोंद आपल्या तात्पुरत्या मेमरीत करतो, म्हणून फोटो गेल्यासारखे दिसतात. कार्डावर काहीच उमटलेलं नसतं, त्यामुळे रीस्टार्टनंतर जैसे थे. वाईट भाग वेगळाच: त्या काळात मी काढलेले नवे फोटोही कार्डावर उतरले नव्हते. कॅमेऱ्यात दिसायचे, रीस्टार्ट केला की नाहीत. पुसलेले परत येतायत याच्याच मागे मी लागलो होतो, नवे गळतायत हे बायकोने दाखवलं.

असं कार्ड सापडलं तर पुसायच्या नादी न लागता आधी त्यावरचं सगळं कॉपी करून घ्या. वाचता येतंय तोवर नशीब.

गावकुसाबाहेर

आम्ही आयफोनवाले. काही फोटो निवडले की पुसायचं बटणच फिकट व्हायचं. बाकीच्यांना चालू, यांना नाही. हे फोटो कधीकाळी कॉम्प्युटरवरून केबलने सिंक करून टाकलेले होते. तसे आलेले फोटो फोनवरून पुसता येत नाहीत. कॉम्प्युटरला जोडून तिथे त्या फोल्डरची निवड काढून पुन्हा सिंक करावं लागतं. कॉम्प्युटर तोवर भंगारात गेला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोटो सिंक चालू करून एक रिकामा फोल्डर निवडला, जुने निघून गेले.

पुसटशी

फोन बदलला, जुन्यातलं सगळं केबलने नव्यात ओतलं, आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं आलेले हजारो फोटो 'आज' या मथळ्याखाली येऊन बसले. आजोबांचे, शाळेच्या गेटटुगेदरचे, कोणाच्या तरी एक्स-रेचे, सगळे आजचे.

कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख आतच नोंदलेली असते. मेसेजमधून फोटो पाठवला की ती आतली माहिती निघून जाते, मग गॅलरी फाइलची तारीख धरते, आणि कॉपी करताना ती तारीख आजची झाली. वाचवलं ते फाइलच्या नावाने. नावातलं IMG सोडा, पुढचे आकडे बघा: २०१९०३१४ आणि पुढे डब्ल्यूए ०००७ असं काहीतरी असतं. म्हणजे १४ मार्च २०१९ ला आलेला, त्या दिवसातला सातवा-आठवा. नावावरून तारीख लावणारी छोटी ॲप मिळतात, त्यातल्या एकाने एका रात्रीत सगळे जागेवर नेले. आधी दहा-वीस फोटोंची प्रत काढून त्यावर करून बघा, मग सगळ्यांवर सोडा.

आणि एक. कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप बॅकअप होतो, मेसेजमधून आलेल्या फोटोंचा फोल्डर वेगळा चालू करावा लागतो. बऱ्याच जणांना हे फोन हरवल्यावर कळतं.

दोन सिमवाला

बॅकअप चालू, वर हिरवी टिकसुद्धा, आणि वेबवर उघडलं तर गेल्या वर्षापासून एक फोटो नाही. तासभर डोकं खाजवलं. फोनमध्ये दोन खाती आहेत, एक घरचं, एक ऑफिसचं. मध्ये कधीतरी ॲपमध्ये ऑफिसचं खातं निवडलं गेलं आणि पोरांचे अंघोळीचे फोटोसुद्धा कंपनीच्या जागेत जमा होत राहिले. नोकरी सोडायच्या आधी दिसलं हे नशीब. ॲपच्या वरच्या कोपऱ्यात आपलं जे गोल चित्र असतं ते दाबा, कुठल्या खात्यात चाललंय ते तिथे लिहिलेलं असतं.

कंदील बारीक

सिंक अडकण्याची साधी कारणंही इथेच टाकतो, कारण निम्म्या तक्रारी त्यातच मिटतात. बॅटरी सेव्हर चालू असणं (आयफोनवर लो पॉवर मोडमध्ये सिंक थांबतं). फक्त वायफायवर बॅकअप असं ठरवलेलं असणं. फोनने ॲपला पार्श्वभूमीत झोपवणं. आणि जागा भरणं.

जागेबद्दल थोडं. गूगलचे फुकट १५ जीबी हे फोटो, मेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून असतात, आयक्लाउडचे ५ जीबी. १ जून २०२१ पूर्वी गूगलकडे 'हाय क्वालिटी'त (म्हणजे आकार थोडा कमी करून) चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते, त्या तारखेपासून नवे धरले जातात.

ओसरी

@कंदील, तिघांत मिळून हेच आमच्या आत्याला भोवलं. तिला पेन्शनच्या कागदपत्रांचं मेल येईना. पाठवणारे म्हणत, आम्ही पाठवलं, परत आलं. सगळे मेलमध्ये शोधतायत. जागा खाल्ली होती नातवाच्या पोहण्याच्या व्हिडिओंनी! मोठे व्हिडिओ आकाराप्रमाणे लावून वरचे काढले (आधी पेन ड्राइव्हवर घेऊन), बिन रिकामी केली, पाठवणाऱ्यांना पुन्हा पाठवायला सांगितलं, मेल आलं. आत्याचं म्हणणं एकच, "मी फोटो काढला, त्यात टपालाचा काय संबंध?" मला तरी हे म्हणणं बिनतोड वाटतं.

नावात काय नाही

कोणीतरी रिकव्हरी ॲपबद्दल लिहील म्हणून वाट बघत होते. मैत्रिणीच्या फोनमधून बाळाचे फोटो गेले, बिनही रिकामी. तिने एक ॲप टाकलं, त्याने "४००० फोटो सापडले" म्हणून पैसे मागितले. पैसे भरले. मिळाल्या त्या टिकलीएवढ्या धूसर प्रतिमा, फोन कुठे कुठे साठवून ठेवतो ती थंबनेलं, आणि फॉरवर्डमधली फुलं.

आताच्या फोनची अंतर्गत मेमरी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असते आणि पुसलेली जागा फोन लवकरच साफ करून टाकतो. तिथून खरा फोटो उपसून आणणं ॲपच्या हातात नसतं. मेमरी कार्डाचं वेगळं आहे. कार्ड अंतर्गत मेमरी म्हणून जोडलेलं नसेल तर आशा असते. लगेच काढा, त्यावर पुढे एकही फोटो काढू नका, आणि कॉम्प्युटरवर फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर उतरवू नका. फाइलींची नावं जातात, फोटो येतात. तिचे आले नाहीत, कारण ते कार्डावर नव्हतेच. शेवटी तिने नातेवाइकांना मेसेज टाकला: मी तुम्हाला पाठवलेले बाळाचे सगळे फोटो मला परत पाठवा. तिच्या नणंदेने एकही फोटो कधी पुसलेला नाही. ज्या सवयीवरून सगळे तिला हसायचे त्याच सवयीने बाळाचं पहिलं वर्ष परत आलं.

अर्धा चष्मा

आमच्या घरात आयफोनची शेअर्ड लायब्ररी आहे (आयओएस १६.१ पासून आली, आपण धरून ६ जण). दादाने माझे फोटो तिथून पुसले. त्याने 'नुकतेच हटवलेले' उघडून ते परत आणायचा प्रयत्न केला, त्याला येईनात; मला आणता आले. कायमचं पुसणं किंवा परत आणणं हे ज्याने फोटो टाकला त्यालाच करता येतं. त्यामुळे भांडण अर्ध्यात मिटलं.

शटरवेडा

एक प्रश्न. क्लाउडवरून काढायचे आहेत पण फोनमध्ये ठेवायचे आहेत, हे कसं करता? मी वेबवरून पुसले की फोन विचारतो, इथूनही काढू का?

धागाकर्ती

@शटरवेडा, तिथे 'हो' दाबू नका एवढं पहिलं. गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये या फोनचा बॅकअप मागे घेण्याचा पर्याय आहे. तो क्लाउडवरच्या या फोनच्या प्रती काढतो, फोनमधल्या ठेवतो, आणि बॅकअप बंद करतो. पण मूळ दर्जाचे फोटो फोनमध्ये खरंच आहेत ना ते आधी बघा: विमान मोड चालू करा, वायफाय बंद, आणि फोनच्या गॅलरीत दोन-चार जुने फोटो उघडून झूम करा. स्पष्ट दिसले तर पुढे जा. मी सासूबाईंच्या फोनवर हे करून बघितलं तेव्हा गॅलरीत एकही जुना फोटो उघडायला नव्हता, सगळे क्लाउडवरच होते. तिथे आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. अजून उतरतायत.