जुनी बोलेरो फोर बाय फोर, ॲव्हरेज साडेआठवर आलंय. आधी काय बघू?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. २००८ ची बोलेरो डीआय फोर बाय फोर आहे. २५२३ सीसी टर्बो, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल सिस्टीम) नाही. खानापूर-बेळगाव-निपाणी फिरतीत आधी ११ च्या वर पडायचं, आता मीटरवर लिटरला ८.५ किलोमीटर. चढाला काळा धूर येतो. ऑईल खात नाही. टायर २१५/७५ आर १५ चे काढून २३५/७५ आर १५ घातलेत. एक मिस्त्री इंजिनचा डिझेल पंप आणि नोझल खोलूया म्हणतोय, दुसरा म्हणतोय पुढं फ्री हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारा जोड) बसवा, दोन किलोमीटर वाढतील. कणकुंबी, चोर्ला घाटाकडंही जाणं असतंय. सुरुवात कुठनं करू?

जुना_एनएच४
आधी आकडा तरी खरा काढा. जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिमी, नव्याचा ७३३.५. म्हणजे चाक ४.३ टक्के मोठं झालं आणि मीटर तेवढं कमी किलोमीटर दाखवतोय. तुमचं ८.५ प्रत्यक्षात ८.९ च्या जवळ आहे. सगळी घट काही यातनं निघत नाही, पण लिटरमागं चारेकशे मीटर न हरवताच हरवलेत.

मोजायचं असं: एकाच पेट्रोल पंपावर, एकाच नोझलला, गाडी सपाट उभी करून पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. तीनशेच्या वर किलोमीटर झाले की तिथंच परत तसंच भरा. अंतर मोबाईलच्या जीपीएसवर घ्या. कर्नाटकात भरायचं की कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात, तो खिशाचा प्रश्न. मापासाठी मात्र पंप बदलू नका. घाटाचं आणि हायवेचं वेगवेगळं लिहा, दोन्ही एकत्र केलं तर काहीच कळत नाही.

आणि निपाणी रोडला किती वेगानं जाता? बोलेरो म्हणजे चौकोनी डबा. ८० ला हवेचा रोध ६५ च्या दीडपट असतो. वर कॅरिअर असेल तर काम नसताना उतरवून ठेवा.

पंप_नोझल
धूर काळा आहे म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडते. म्हणून पंपाला हात लावायच्या आधी हवेची बाजू संपवा. लाल मातीच्या रस्त्यावर एअर फिल्टर किलोमीटरवर नाही, डोळ्यांनी बघून बदलायचा. आत बल्ब धरा, उजेड सारखा दिसला नाही तर नवा घाला. कंप्रेसरनं झाडून परत घालू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोत जाते. मग टर्बोपासून इनटेकपर्यंतचे सगळे होज. क्लिपजवळ काळा तेलकट डाग दिसला तर तिथनं दाब जातोय. इंजिन चालू असताना दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगून जोडांवर साबणाचं पाणी मारा.

एवढं करून धूर राहिला तर नोझल. चारही काढून टेस्टरवर लावायचे आणि तीन गोष्टी बघायच्या: उघडायचा दाब मॅन्युअलप्रमाणे आहे का आणि चारही एकमेकांजवळ आहेत का, फवारा धुक्यासारखा पडतो की धार येते, आणि दाब धरून ठेवल्यावर टोकाला थेंब जमतो का. परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे, आणि जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चनं बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही, धूर वाढतो.

पंपाचं टायमिंग डायल गेज लावूनच. कानानं लावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं देऊ नका. टायमिंग मागं पडलं तर ओढ जाते, डिझेल जास्त लागतं आणि इंजिन तापतं. फुल लोडचा स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा) कुणी पिळलाय का, सील तुटलंय का तेही बघा. तो पिळला की दोन दिवस गाडी पळाल्यासारखी वाटते, पण जादा डिझेल धूर होऊन जातं आणि टर्बोला उष्णता सोसावी लागते.

आणखी एक, आपल्या भागात हमखास सापडणारं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) आहे का?

जांबोटी_क्रॉस
फ्री हबबद्दल. पुढच्या चाकाच्या मध्ये फ्री-लॉक लिहिलेली फिरती टोपी असेल तर हब आहेतच, फक्त फ्री वर आहेत का बघा. टोपी नसून नुसता फ्लँज असेल तर टू-व्हीलमध्येसुद्धा पुढचे शाफ्ट, क्राऊन-पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट यांना चाकं फिरवत राहतात. हब बसवल्यानं फायदा आहे, पण दोन किलोमीटर ही थाप आहे. अर्धा मिळाला तरी खूप. घेताना स्प्लाईनची (शाफ्टवरच्या दात्यांची) संख्या मोजून घ्या. आणि महिन्यातनं एकदा लॉक करून कच्च्या रस्त्यावर चालवा, आतलं ऑईल हलू द्या.

खरी चोरी ब्रेकमध्ये असते. पावसाळ्यात कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, हँडब्रेकची केबल परत येत नाही. पाच-सहा किलोमीटर ब्रेक फार न लावता चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही चाकं बघा. डाव्या-उजव्यात वीस-तीस अंशांचा फरक असेल तर ते चाक धरतंय. नाहीतर जॅकवर उचलून हातानं फिरवा. डिस्क थोडी घासणारच, ड्रम मात्र मोकळा फिरायला पाहिजे.

घाटात पाऊस आहे म्हणून डांबरावर फोर-व्हील लावून ठेवता का? या गाडीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक टायर घासूनच सुटतो. डिझेल जातं, टायर जातात, ट्रान्सफर केस खराब होतो. चिखल लागला की लावा, डांबर आलं की काढा. चिखलासाठी टायरची हवा सोडली असेल तर तीही परत भरा.

मॅन्युअलमध्ये ॲक्सलच्या हाऊसिंगला ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल सांगितलं असताना आवाज लपवायला कुणी जादा घट्ट १४० ओतलंय का, तेही विचारा. थंडीत सकाळी ते काकवीसारखं घट्ट असतं.

चंदगडी
चोर्ला उतरताना न्यूट्रल करून सोडा की राव, फुकटात खाली.

पंप_नोझल
@चंदगडी फुकट नाही ओ. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंपातला गव्हर्नर डिझेल बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये आयडल चालू ठेवायला डिझेल लागतंच. वर इंजिन ब्रेक नाही, सगळा भार ब्रेकवर. तापले की ब्रेक लागणार नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

खानापूरकर
थर्मोस्टॅट उघडून बघितला, नाहीच! आधीच्या कुणीतरी गाडी तापते म्हणून काढलाय. तो बसवला तर परत तापणार नाही का? आणि डिझेलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑईल घालू का, बीएस-६ डिझेल कोरडं असतं म्हणतात.

पंप_नोझल
हेच. थर्मोस्टॅटशिवाय बेळगावच्या हवेत, त्यात पावसाळ्यात, इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिन जास्त डिझेल खातं. तापायचं कारण वेगळं शोधा: रेडिएटर आतनं चोंदलाय का, फॅनचा व्हिस्कस क्लच गेलाय का, बेल्ट ढिला आहे का. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपास कायम उघडा राहतो, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. म्हणून तो काढूनही चढाला काटा वर जातो.

पार्ट नंबर बघून नवा आणा. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर धरा. वर कोरलेल्या अंशाला उघडायला लागला पाहिजे. बारीक पिन असलेलं भोक वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही. साधं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

टू-टी नको. एप्रिल २०२० पासून गंधक १० पीपीएमवर आलं हे खरं, पण वंगणासाठीचं ॲडिटिव्ह रिफायनरीतच घालतात. त्या पैशात डिझेल फिल्टर बदला, आणि फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यात वरचेवर सोडत जा.